हाडाचा रंग

फलटण,
रविवार, दुपार

प्रिय उत्कर्षा,

टपालानं आलेलं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. काकूचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते रोजचंच. ऊसतोडीची टोळी आपल्या रानात शिरलीय. आमचा विश्वजीत ट्रॅक्टरच्या मागं पळतोय आणि मी बांधावर खुर्ची टाकून देखरेख करतोय, म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही असा बसून आहे. फोन सोडून काका पत्र कशाला लिहितायत, असं तुला वाटेल. या आठवड्यात मी तुला कितीदा फोन लावला ते आठव. तू 'बोला काका' म्हणालीस की मी तिकडं थंडी किती आहे ते विचारायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी तूच म्हणालीस, "काका, सांगलीच्या हवेची एवढी काळजी तर सांगलीकरांना पण नाही." कागद बरा पडतो. तो मध्ये बोलत नाही, आणि लिहिता लिहिता थांबलो तर कुणाला कळत नाही.

डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांच्या मुंग्या तशाच आहेत. काल चहाची बशी सुटून फुटली. काकू झाडू घेऊन आली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. या बोटांपायीच तर तू मला दिवाळीनंतर सांगलीला ओढून नेलंस. तू इतक्यांदा सांगितलंस, तेव्हा मी आलो. खरं तर तुझं कॉलेज आणि तुझं ते यंत्र बघायचीच हौस जास्त होती. दहिवडी, विटा करत एसटीनं आलो. विश्रामबागला उतरलो तर तू रस्त्यावर येऊन उभी होतीस, गळ्यात ओळखपत्र, केस वर बांधलेले. लांबून क्षणभर मला वाटलं, बिरदेवच उभाय. उभं राहताना एका पायावर भार टाकायची तुझी पद्धत थेट तुझ्या बाबांची आहे. तुला कुणी शिकवली ती? ते गेले तेव्हा तू नीट चालतसुद्धा नव्हतीस.

त्या दिवशी तू माझी ओळख सगळ्यांना करून दिलीस, "हे माझे उदयसिंह काका. माझे बाबा आणि हे एकाच पलटणीत होते." मग त्या गोल यंत्रात मला आडवा केलंस आणि काचेपलीकडून माइकवर सांगत राहिलीस, "श्वास रोखा, सोडा." सुभेदारकी भोगून निवृत्त झालेल्या माणसाला इतक्या गोड आवाजात कुणी हुकूम केला नव्हता. झाल्यावर मी विचारलं, हा रंगीत एक्स-रे म्हणजे नेमकं काय गं? तू म्हणालीस, "काका, हळद आणि बेसन शेजारी शेजारी ठेवून काळा-पांढरा फोटो काढला तर कुठलं कुठलं, सांगता येईल का? साध्या एक्स-रेचं तसं होतं. आमचं यंत्र किरणांचा कण न् कण त्याच्या ताकदीप्रमाणे वेगळा मोजतं. लोखंडातून किरण गाळले जाऊन येतात ते वेगळे, हाडातून येतात ते वेगळे, चरबीतून आणखी वेगळे. त्यावरून कळतं, आत कुठं काय आहे." मी म्हणालो, म्हणजे हाड आतून रंगीत असतं? तू हसलीस. म्हणालीस, रंग आम्ही देतो, ओळखायला सोपं जावं म्हणून. लोखंडाला निळा दिलाय, हाडाला पिवळा. पिवळाच का, तर म्हणे, आजी बिरोबाला भंडारा उधळते तो डोळ्यांसमोर होता. मला तेव्हा तुझं फार कौतुक वाटलं. आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं फिरलेल्या घरातली पोर, आणि ही असलं यंत्र चालवतेय. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाला मी विट्यापर्यंत तेच सांगत होतो. तो बिचारा झोपायला बघत होता.

मग आला तुझा तो फोन. मी रानात पाणी बघत होतो. तू धापा टाकत बोलत होतीस, जिना चढून आल्यासारखी. "काका, गंमत सांगू? तुमच्या अंगातले स्फोटाचे सगळे तुकडे निळे आले. लोखंडच. पण गळपट्टीच्या हाडाखाली, काखेच्या अंगाला जो आहे ना, जो नस दाबतोय, तो पिवळा आला! ते लोखंड नाहीच. ते हाड आहे. पण तुमचं एकही हाड फुटलेलं नाही, कुठं टवकासुद्धा उडालेला नाही. मग हे आलं कुठून?" मी म्हणालो, दगड असेल. तू म्हणालीस, दगड असता तर असा आला नसता, आम्ही पुन्हा पुन्हा तपासलंय. मी म्हणालो, मग मशीन चुकलं असेल. तू जराशी खट्टू झालीस. म्हणालीस, मशीन चुकलेलं नाही काका, आठवून बघा ना काही, आमच्या सरांनाही कोडं पडलंय. मी म्हणालो, आठवतो. आणि फोन ठेवला.

मला आठवायला काही लागलं नव्हतं, उत्कर्षा. तू 'हाड' म्हणालीस त्याच क्षणी मला कळलं होतं. पाणी पाटातून फुटून शेजारच्या वाफ्यात जात होतं, तरी मला खोरं उचलता येईना. मी तिथंच बांधावर बसलो.

आता जे लिहितो ते तुला अर्धं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण पुढं जायला मला इथूनच चालत जावं लागेल. तुझे बाबा आणि मी एकाच दिवशी भरती झालो. मी उसाच्या पाण्यावर वाढलेला, ते कोरड्या माळाचे. सुरुवातीला मला वाटायचं, हा काय बोलतच नाही. नंतर कळलं, तो बघत असायचा. जमीन वाचायचा. कुठली माती रात्रीतून हललीय, कुठलं गवत कुणी तुडवलंय, ते त्याला चालता चालता दिसायचं. म्हणून काश्मीरमध्ये गस्तीला निघालो की साहेब त्यालाच पुढं घालायचे आणि मी त्याच्या मागं. मी त्याला पुढं पाठवलं नव्हतं, आम्ही जागा बदलली नव्हती. तो पुढं आणि मी मागं, हे रोजचंच होतं. घरून आणलेलं घोंगडं तो चौकीवर कुणाच्याही अंगावर टाकायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा. मी रागावलो की म्हणायचा, "गड्या, मला थंडी वळखती. तुला न्हाई वळखत."

त्या सकाळी बर्फ वितळलेल्या वाटेवर तो थांबला. वळला. माझ्याकडं तोंड करून त्यानं काही सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सुरुंग त्याच्या पायाखाली नव्हता, मागच्या अंगाला, वाटेच्या कडेला होता. वळताना तो एक पाऊल कडेला सरकला आणि माझ्या न् सुरुंगाच्या बरोबर मध्ये आला. आवाज मी ऐकलाच नाही. डोळे उघडले तेव्हा मी लष्कराच्या दवाखान्यात होतो आणि बिरदेवला त्याच्या गावी निरोप देऊन झाला होता. माझ्या अंगातले बरेच तुकडे काढले. काही धमनीच्या जवळ होते, ते राहू दिले. डॉक्टर म्हणाले, राहतील निवांत. तसे ते राहिलेही.

काठी टेकत चालायला लागल्यावर मी पहिल्यांदा तुमच्या वस्तीवर आलो. तुझी आई तेव्हा होती. हरणाबाई आजी बाहेर बसली होती. ती उठली आणि तिनं माझे हात चाचपले, दंड चाचपले, खांदा, छाती. बाजारात मेंढरू पारखावं तशी. मग म्हणाली, "ह्यो तरी समदा आलाय." आणि मग मला सांगितलं, "पेटी उघडू दिली न्हाई रं लेकरा. म्हनले, आई, नगा बघू. नुसता लाकडावर हात फिरवला म्या. आत माझा बिरदेवच हुता का, ते मला कसं कळावं?" पुढं दोन-तीन वर्षांत तुझी आईही गेली आणि आजीनं तुला एकटीनं वाढवलं. पण आजही गेलो की तिचं हे एक वाक्य कधी ना कधी येतंच. मी दर वेळी शपथेवर सांगतो, "आये, तोच होता." ती मान हलवते, पण तिचा विश्वास बसत नाही.

तुझ्या फोननंतर मी काय केलं ते ऐक. मिरजेला ज्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरीणबाईंकडं तू मला पाठवलंस, त्या प्रियदर्शनी मॅडम, त्यांना मी एकट्यानं जाऊन भेटलो. तुला सांगितलं होतं की बँकेच्या कामानं आलोय. त्यांना म्हणालो, मॅडम, एका माणसाचं हाड दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसू शकतं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "स्फोटात जवळ कुणी उभं होतं?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, होतं असं, सुभेदारसाहेब. फार वेळा नाही, पण होतं. स्फोटाच्या जोरात हाडाचा कपचा गोळीसारखा जातो. साध्या एक्स-रेत सगळेच तुकडे पांढरे, आणि लोखंडाच्या गर्दीत एखादा फिका दिसला तर कुणी वेगळं समजत नाही. मग त्यांनी विचारलं, "कोण होतं?" मी तुझं नाव घेतलं. म्हणालो, उत्कर्षाचे बाबा. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, मी सांगू का तिला? मी म्हणालो, नको. हे माझंच काम आहे.

म्हणालो खरा, पण केलं नाही. आधी आजीला सांगावं म्हणून मार्गशीर्षात वस्तीवर गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. पोचलो तर आजीनं माझ्यासाठी हुलग्याचं माडगं केलेलं. ती जेवताना माझ्या शेजारी बसते आणि बोलता बोलता माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवते, तुला ठाऊक आहे. त्या दिवशीही ठेवला. तिची बोटं अगदी त्याच जागी होती. तिनं विचारलं, "का रं, जेवत का न्हाईस? तिखाट झालंय व्हय?" मी म्हणालो, व्हय, जरा तिखट झालंय. आणि दुसरी वाटी मागून घेतली. एवढ्या वर्षांत त्या म्हातारीशी मी इतका खोटा कधी वागलो नव्हतो. एसटीत बसलो तेव्हा खिडकीची काच लावून घेतली, थंडीचं निमित्त करून.

मला अपराधी कशासाठी वाटतं, हे काकू विचारते. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणते, "तुमी काय मुद्दाम केलं का? तुमचाबी जीव जात हुता की." बरोबर आहे तिचं. चूक शोधायला गेलो तर सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणूनच सुटत नाही. चूक असती तर माफी मागितली असती. मी जगलो, कारण मध्ये तो होता. हे मी आधीही जाणत होतो, पण जाणणं वेगळं आणि छातीत हात घालून दाखवणं वेगळं. माझी मुलं मोठी झाली, ऊस दर वर्षी उगवला, मी नातवाच्या बारशाला पेढे वाटले, आणि त्या सगळ्या वेळात तो माझ्या आत होता. कसा होता, तर एक दुखणं म्हणून. थंडीत ठणकलं की मी शिव्या द्यायचो. कसल्या कसल्या शिव्या दिल्यात, उत्कर्षा! शाळेत पंधरा ऑगस्टला मला बोलवायचे. मी शर्टाची वरची बटणं काढून पोरांना गळपट्टीच्या हाडाखालची ती गाठ दाखवायचो. म्हणायचो, हे बघा, हे दुश्मनाचं लोखंड, हे मी अजून घेऊन हिंडतोय. पोरं टाळ्या वाजवायची.

आणि तू. पाच-सहा वर्षांची असशील. वस्तीवर आलो होतो आणि तू मांडीवर चढून विचारलंस, काका, ते लोखंड कुठाय? मी दाखवलं. तू बोटानं दाबून बघितलंस. मग तुझा चेहरा बदलला आणि तू मूठ वळून तिथं मारायला लागलीस, जोरजोरात, रडत. "ह्यानंच माझ्या बाबाला मारलं." आजी तुला ओढायला आली, तर मीच तिला थांबवलं. म्हणालो, मारू दे तिला, मोकळी होऊ दे. तुला बहुतेक हे आठवतही नसेल. मला गेले दोन महिने रोज आठवतंय. मारू दे म्हणालो मी.

तुझ्या फोनमधला तो आनंद मला दिसतो. असा शोध लागल्यावर कुणालाही आनंद होईल, त्यात तुझं काही चुकलं नाही. पडद्यावर तू जे पिवळं बघितलंस, त्यावर बोट ठेवून सरांना दाखवलंस, फिरवून फिरवून चारी बाजूंनी बघितलंस, ते काय आहे हे मला ठाऊक होतं आणि तुला नव्हतं. मी गप्प राहिलो म्हणून तू अजून ते कोडं समजून सोडवत बसलीस. मला एवढीच लाज वाटते. जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. हे सांगणं मात्र आहे.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. येत्या शुक्रवारी मिरजेला माझी शस्त्रक्रिया आहे, आणि परवा तू फोनवर हौसेनं सांगितलंस की प्रियदर्शनी मॅडमनी प्रकल्पाच्या वतीनं तुला आत उभं राहायची परवानगी दिलीय. मी त्यांना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "परवानगी मी दिली, पण तुम्ही तिला सांगितल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही." म्हणून, पोरी, तो तुकडा बाहेर येऊन तबकात पडेल, तेव्हा तो कुणाचा आहे हे तुला ठाऊक नसताना तू तिथं उभी असावीस, हे मला होऊ द्यायचं नाही. आत यायचं की बाहेर बसायचं, की त्या दिवशी मिरजेकडं फिरकायचंच नाही, हे तू ठरव. मी काहीही मनात धरणार नाही. मॅडम म्हणाल्या, तुझ्या रक्ताशी ताडून बघता येईल, खात्री हवी असेल तर. तेही तूच ठरव. मला खात्री नको आहे. एवढं मात्र मी त्यांना सांगून ठेवलंय की ते प्रयोगशाळेच्या बाटलीत जाणार नाही, ते तुझ्या हातात द्यायचं. तुझ्या बाबांची म्हणून आणखी दुसरी वस्तू मला देता येत नाही. टाके निघाले की मी आजीकडं जाणार आहे, आणि या वेळी जेवायला बसायच्या आधीच सांगणार आहे. एवढी वर्षं फौजेत काढली, पण त्या वस्तीच्या पायवाटेनं हे घेऊन एकट्यानं चालत जायची माझी छाती होत नाही. तू बरोबर येशील का?

तुझाच,
उदयसिंह काका